दगड मिळून आला नाही

चाळीस झाली तेव्हा भानुदासच्या ध्यानात आलं, की आपण पावलं मोजतोय. रिक्षातून उतरून, म्हाताऱ्या आईचा हात धरून, तो त्या गुळगुळीत सिमेंटच्या रस्त्यानं सोसायटीच्या फाटकाकडं चालला होता. डोक्यात पत्त्याची चिठ्ठी, नातीसाठी घेतलेलं झबलं, असलंच काहीबाही चाललेलं. पायांनी मात्र कुणाला न विचारता आपलं काम सुरू केलं होतं. तीस वर्षं मोजणी खात्यात काढलेला माणूस. दोन चालींत पाच फूट, ना बोटभर कमी ना बोटभर जास्त. हा लग्नाला आला तरी अक्षता पडायच्या आत मांडवाची लांबी-रुंदी सांगतो, अशी दोस्तमंडळी चेष्टा करायची. पण मोजायला सुरुवात कुठून केली आपण? त्यानं मागं वळून पाहिलं. रस्त्यावर आडव्या ओळीत लोखंडी गोल झाकणं बसवलेली, आणि त्यांच्याखालून पाण्याचा बारीक आवाज येत होता. अरे देवा, हा ओढा! ओढा पाइपात घालून वरून रस्ता केला होता. आणि हा रस्ता ज्याच्यावर होता ती आपली जुनी वस्ती. जावयानं छापील पत्रक पाठवलं होतं त्यावर कारंजं होतं, गुलमोहर होते, नवी कोरी नावं होती. जुन्या गावाचं नाव आता फक्त सातबाऱ्यावर उरलेलं, ते तिथं कशाला असेल? भवानीनगरहून बारामतीला येताना पिंपळी मागं पडली, की तो एस.टी.च्या उजव्या खिडकीकडं सरकून बसायचा. तेवीस वर्षं त्यानं डावीकडं बघितलं नव्हतं. आणि आज लेकीनं बोलावलं म्हणून रिक्षावाल्यानं त्याला नेमका तिथंच आणून उतरवला.

"का रं थांबलास?" अक्काबाईनं विचारलं. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण हाताला बारीकसा हिसका बसला तरी तिला सगळं कळायचं.

"काय न्हाय आई. वाहनं लई हायेत."

वाहन एकही नव्हतं. दुपारचे चार वाजलेले, एप्रिलचं ऊन, आणि त्या चार चार मजली पिवळ्या इमारतींमध्ये कुत्रंसुद्धा फिरत नव्हतं. ओढ्याच्या वरच्या अंगाला पाटलांची आळी होती, खालच्या अंगाला म्हारवाडा. पलीकडच्या पोरांनी चेंडू अलीकडं पडला तर गोमूत्र शिंपडून घ्यायचा, आणि अलीकडच्यांनी पलीकडं पाय टाकायचा तर हाक मारून, परवानगी येईपर्यंत उभं राहायचं. आता दोन्हीकडं सारखाच पिवळा रंग. सारख्याच गॅलऱ्या, सारख्याच वाळत घातलेल्या चादरी. कुठली आळी कुठं संपली हे ब्रह्मदेवाला कळायचं नाही. भानुदासला कळत होतं. त्याच्या डोळ्यांसमोर त्या इमारतींखालून जुना गावनकाशा वर येत होता. इथं समाजमंदिराचा कट्टा, इथं आपलं घर, पुढं घाणेरीची झुडपं, आणि त्याच्याही पुढं मसणवटा. आपली माणसं तेव्हा पुरायची, जाळायला सरपण कुणाकडं होतं? त्या मसणवट्याला लागून मानसिंग पाटलाचा ऊस. आणि उसाच्या बांधाला लागून, हद्दीच्या दगडापासून हातभर अंतरावर, नकोशी.

नकोशी त्याची धाकटी बहीण. चौथी मुलगी म्हणून नाव नकोशी ठेवलं, आणि आधीच्या तिघी गेल्या तरी तेच नाव राहिलं. एकोणपन्नास साली गोवरानं गेली तेव्हा ती चार वर्षांची होती आणि भानुदास अकराचा. खड्डा काढणाऱ्यांनी बापाला विचारलं होतं, खूण काय ठेवायची? बाप म्हणाला, "सरकारी दगड हाय की जवळ. त्यो कोण हलवतंय?" हे वाक्य त्याला आत्ता, फाटकातून आत शिरताना, कुणी कानाशी बोलावं तसं ऐकू आलं, आणि त्यानं आईचा हात इतका घट्ट धरला की ती म्हणाली, "आरं, बोटं मोडशील माजी."

लेकीचं, साक्षीचं, घर तळमजल्यावर होतं. म्हातारीला जिना नको म्हणून मुद्दाम तळमजला घेतला, असं तिनं कौतुकानं सांगितलं. पोरगी कॉलेजात शिकवते, जावई सोमनाथ एमआयडीसीत. तो पाळीवरून रात्री यायचा होता. दाराशी निळ्या अक्षरांत नाव, आत बुद्धाची पांढरी मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, पंखा, सोफा. "आप्पा, बघा तर, स्वयंपाकघराला वेगळी बाल्कनी. आणि समोरच्या दारात राजवर्धनदादा राहतात. इथली सगळी जमीन त्यांच्या आजोबांची होती म्हणे. पण काही तोरा नाही हं. स्वरूपावहिनी तर येता-जाता मेघनाला उचलून नेतात." भानुदास हसला. हसला म्हणजे ओठ हलवले. मानसिंगाचा नातू समोरच्या दारात! इकडं अक्काबाई भिंतीवरून हात फिरवत, "लई ग्वाड घर बांधलं गं बाई," करत खोल्याखोल्यांतून फिरत होती, आणि त्याचे पाय, मेले, थांबायला तयार नव्हते. ओढ्यापासून फाटक, फाटकापासून दार, दारापासून बैठक. मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी तो आला आणि उभा राहिला. खोलीत खिडकीखाली पाळणा होता. पाळण्यात मेघना झोपली होती.

"सकाळी ट्रिपलचं इंजेक्शन दिलंय," साक्षी हळू आवाजात म्हणाली. "थोडा ताप आहे. एवढा येतोच म्हणाले डॉक्टर. आत या ना."

"असू दे. झोपमोड होईल तिची," तो म्हणाला.

उंबऱ्यापासून तिचे गाल लाल दिसत होते. ताप येतोच, डॉक्टर म्हणालेत ना? त्याला ठाऊक होतं. भूतंखेतं त्यानं कधी मानली नव्हती. छप्पन्न साली बापाबरोबर नागपूरला जाऊन त्यानं बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या, त्या आजही झोपेतून उठवलं तर त्यानं म्हणून दाखवल्या असत्या. तरी त्यानं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण भित्याला तो दिसतो त्याचं काय करायचं?

चौऱ्याहत्तर साली मानसिंगानं हद्दकायम मोजणीचा अर्ज दिला. उसाला पाइपलाइन टाकायची होती, बांध नक्की करून हवा होता. खरं तर भानुदासची नेमणूक इंदापूरकडं. पण इथला मोजणीदार रजेवर, म्हणून साहेबानं त्याला धाडलं. स्वतःच्या गावात, स्वतःच्याच मसणवट्याची हद्द मोजायला. नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं तर साहेब विचारणार का, आणि का ते सांगायचं तर आपण कोण ते तोंडानं म्हणावं लागणार. म्हणून तो गेला. साखळी, नकाशाचा फलक, पेन्सिल, साखळी ओढायला दोन खलाशी. मानसिंग बांधावर धोतर सावरत उभा होता, सत्तरीचा, भरघोस मिशांचा. भानुदासच्या बापाला त्यानं जन्मभर "ए गंग्या" म्हणून हाक मारलेली. आणि तो माणूस काय म्हणाला? "या भानुदासराव. तुमी म्हनाल ती हद्द. तुमच्या आज्ज्यानं दाखवलेली शीव आमच्या बापानं कदी मोडली न्हाय." बस्स. एवढंच. धमकी नाही, डोळे वटारणं नाही. राव! छत्तीस वर्षांच्या आयुष्यात त्या गावात पहिल्यांदा त्याच्या नावाला राव लागलं होतं.

दगड त्याला दिसला होता. हे तो आजवर कुणाशी बोललेला नव्हता. घाणेरीच्या जाळीत, मातीतून वीतभर वर आलेला, माथ्यावर बाणाची खूण असलेला सरकारी दगड. त्याच्या पलीकडं हातभर जमीन थोडी खचलेली. जागेवर, नकाशात होता तिथंच, तसूभर हललेला नाही. त्यानं जाळी बाजूला केली, बघितलं, आणि हात काढून घेतला. कारण त्याच क्षणी त्याला ऐकू आलं, न बोललेलं सगळं ऐकू आलं. म्हणणार, मोजणीदार कुणाचा? यांच्यातलाच. दगड सापडला कुणाला? त्यालाच. कुणाच्या फायद्याचा? मग काय विचारता, रात्रीत आणून पुरला असंल. साहेबाकडं अर्ज जाईल, चौकशी लागेल, आणि रावाचा पुन्हा गंग्या व्हायला वेळ लागायचा नाही. कुणी हे बोललं नाही बरं का. बांधावरची माणसं बिड्या ओढत उसाच्या तोडीच्या गप्पा मारत होती. भानुदासनं जाळी होती तशी ढकलली आणि दूरच्या चिंचेपासून साखळी धरली. तशी धरली की हद्द मसणवट्याच्या आत येणार हे त्याला कळत होतं. पुरी एक साखळी. तेहतीस फूट. कागदावर त्यानं सुरेख अक्षरात लिहिलं, हद्दीचा दगड जागेवर मिळून आला नाही. मानसिंगालासुद्धा आश्चर्य वाटलं असावं. तो म्हणाला, "इतकी आत?" आणि भानुदास म्हणाला, "होय. कागद म्हणतो तसं." पाटलानं मान डोलावली. मोजणीदार स्वतःच्या जातीच्या विरुद्ध कशाला बोलेल? तेव्हा तो खरंच बोलत असणार. सगळ्या पंचक्रोशीत नाव झालं, भानुदास म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस, आपपरभाव न्हाय.

त्याच सालच्या थंडीत त्याच्या बायकोला सातव्या महिन्यात मुलगा झाला आणि दुसऱ्या दिवशी गेला. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त कमी. असेल. पण आजा सोनबाची गोष्ट भानुदासनं लहानपणी आईच्या मांडीवर शंभरदा ऐकली होती. दोन गावांत शिवेचा तंटा लागला, की म्हाराला बोलवायचे. शिवेवरची माती त्याच्या डोक्यावर द्यायची आणि म्हणायचं, चाल. तो जिथून चालेल ती शीव. पाटील असो का देशमुख, त्याच्यापुढं कुणाचं चालायचं नाही. सबंध वर्षात तेवढा एक दिवस तो पुढं आणि गाव मागं. पण खोटा चालला, तर वर्षाच्या आत त्याच्या घरचा पाळणा रिकामा. भानुदासनं डोक्यावर माती घेतली नव्हती, हातात सरकारी साखळी घेतली होती. माती आणि साखळी यांचा काय संबंध? काही नाही. काही नाही, असं तो तेवीस वर्षं स्वतःला समजावत आला होता. आणि आज लेकीनं पाळणा टांगला होता तो साऱ्या बारामतीतली जागा सोडून त्या तेहतीस फुटांत.

चहा झाला. अक्काबाईनं बशी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं, आणि ज्या प्रश्नाला तो रिक्षातून उतरल्यापासून भीत होता तो विचारला.

"भानू, ही आपलीच वस्ती न्हवं? वढ्याचं पानी आयकलं मी मगाशी. नकोशीची जागा कुठं ऱ्हायली हितनं?"

साक्षी चमकली. "आपली वस्ती? इथं? आप्पा, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"पलीकडं," भानुदास घाईनं म्हणाला. "इमारतीच्या मागं बाग हाय ना, तितं. तेवढी जागा मोकळी सोडलीय त्यांनी."

तसं पाहिलं तर ते निम्मं खरं होतं. मसणवट्याचा उरलेला तुकडा खरंच मोकळा राहिला होता. त्यात घसरगुंडी होती, बाक होते, हिरवळ होती. म्हातारी लगेच उठली. तिला धरून तो मागच्या बागेत घेऊन गेला, मागून मेघनाला खांद्यावर टाकून साक्षी आली. अक्काबाई हिरवळीवर फतकल मारून बसली. दोन्ही तळवे गवतावर टेकले, चाचपले, जसं तापलेल्या लेकराचं अंग चाचपावं.

"माती लागंना रं हाताला. समदं गवातच."

"लॉन म्हणत्यात त्याला, आई."

"म्हनू द्यात." मग ती गवताशी बोलायला लागली. अगदी हळू, पण भानुदासला एकेक शब्द ऐकू येत होता. "नकोशी, बघ बाय, तुज्या भावानं राखली तुजी जागा. साऱ्या रानाची घरं झाली, पर तुला कुनी हात लावला न्हाय. मी म्हनलंच व्हतं, माजा भानू मोजनीत हाय, त्यो हाय तवर भ्या न्हाय." वर तोंड करून ती म्हणाली, "भानू, मी गेली की मला हितंच आनून ठेव, हिच्यापाशी. एवढं कर. परवानगी लागली तर काड. तुजं आयकत्यात समदी."

तेवढ्यात बागेच्या फाटकातून एक तरुण बाई आली, हातात भाजीची पिशवी, हसरा चेहरा. ती स्वरूपा होती, समोरच्या दारातली. "अगंबाई, आज्जी, कालच औषध मारलंय गवतावर," ती लांबूनच म्हणाली. आणि भानुदास ताडकन उभा राहिला. हात जोडले. आईला काखेत हात घालून उचलायला लागला. "चुकलं, बाईसाहेब, चुकलं. उठतो. उठलोच." त्याचा आवाज चिरकला होता. त्याला स्वतःला तो बापाचा आवाज वाटला. स्वरूपा गोंधळून उभीच राहिली. "अहो काका, तसं नाही हो. साडीला लागेल म्हणून म्हटलं. बाकावर बसा ना सावलीत." ती साक्षीकडं बघून ओशाळं हसली, मेघनाच्या कपाळाला हात लावून, "उतरतोय की ताप," म्हणाली आणि निघून गेली.

अक्काबाई उठली नव्हती. काखेतला त्याचा हात तिनं काढून टाकला.

"ती ऊठ म्हनली व्हय रं तुला?"

"न्हाय."

"मंग का उठलास?"

साक्षी त्याच्याकडं बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, दया होती, आणि ती त्याला सोसवेना. एवढी शिकलेली, कुणापुढं मान खाली न घालणारी पोरगी त्यानं वाढवली होती, आणि तिनं हे बघितलं. मग त्याच्या तोंडून ते बाहेरच पडलं. चौऱ्याहत्तर साल, घाणेरीची जाळी, दगड, तेहतीस फूट. सांगताना तो आईकडं बघत नव्हता, समोरच्या घसरगुंडीकडं बघत होता. जागा राखली नाही आई, मीच दिली, असं शेवटी म्हणाला.

"मानशिंगानं दम दिला व्हता?" अक्काबाईनं विचारलं.

"न्हाय."

"साह्यबानं सांगितलं?"

"कुणी काय म्हणलं न्हाय, आई."

"मंग भ्या कुनाचं वाटलं तुला?"

त्यानं आठवून पाहिलं. खरंच, मनापासून आठवून पाहिलं. बांध, बिड्या, ऊस, मिशा. कुठंही कुणी उभं नव्हतं. "त्यो मला भानुदासराव म्हणला," तो पुटपुटला.

म्हातारीनं हात पुढं केला तो त्याच्याकडं नाही, साक्षीकडं. "चल गं पोरी घरात." साक्षीनं एका खांद्यावर लेकराला सावरत तिला उठवलं. दोन पावलं जाऊन साक्षी वळली. "आप्पा," ती म्हणाली, "तुम्ही तीस वर्षं मोजणी केलीत. आणखी कुठं कुठं दगड मिळाला नाही?" तिनं काही टोमणा मारला नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि भानुदास मनातल्या मनात गावं मोजायला लागला. लासुर्णे, पिंपळी, नीरेकाठची गावं. जिथं जिथं रेघ आपल्या माणसांच्या वाट्याला येऊन भिडली तिथं तिथं पेन्सिल जराशी आत सरकली होती का? हातच तसा वळला होता का? त्यानं कधी तपासलं नव्हतं. शेकडो नकाशे, सगळ्यांवर त्याची सुरेख अक्षरं, आणि त्यांवर आता कुठं कुठं असल्या पिवळ्या इमारती उभ्या असतील.

तो घरात गेला तेव्हा अक्काबाई मधल्या खोलीत उभी होती. मेघना पाळण्यात होती. "ये," म्हातारी म्हणाली. "नेमकी कुठं हाय ती दाव. ह्या वक्ताला तरी खरं मोज." त्याला उंबरा ओलांडवेना. पण तिनं पुन्हा हाक मारली नाही, नुसती वाट बघत राहिली, तेव्हा तो आत आला. भिंतीपासून चार पावलं. अर्धं पाऊल उजवीकडं. पाळण्याच्या दांड्याला त्याचा गुडघा लागला आणि पाळणा हलला.

"हितं," तो म्हणाला. "पाळण्याखाली."

साक्षीनं एकदम वाकून लेकराला उचलायला हात घातले. अक्काबाईनं तिचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे गं. झोपू दे तिला हितंच. लई वर्सं एकटी व्हती माजी पोर, तिला तेवढीच सोबत." ती पाळण्याशी खाली फरशीवर बसली, दोरी हातात घेतली, आणि हळूहळू झोका द्यायला लागली. मेघना झोपेत चुळबुळली, पुन्हा गप्प झाली. भानुदास तिथंच भिंतीला टेकून बसायला वाकला, तशी म्हातारीनं मान न वळवता त्याला सांगितलं.

"तू मातुर बाहीर बस."

साक्षी म्हणाली, "आज्जी…" पण म्हातारी झोका देत राहिली. भानुदास उठला. बैठकीतून गेला, दारातून बाहेर आला, आणि सगळ्यांनी चपला काढल्या होत्या तिथं पायरीवर बसला. समोरच्या दारातून स्वरूपानं डोकावून विचारलं, "काका, बाहेर का बसलात? आत बसा ना." "बसतो हितंच," तो म्हणाला.